ताम्रपटातील गाव आणि आजचे शिवार

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटजवळ जांब नावाचे गाव आहे. तेथे वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेन याचा एक ताम्रपट मिळाला. राजाच्या कारकीर्दीच्या दुसऱ्या वर्षी, नंदिवर्धन या राजधानीतून दिलेले ते दानपत्र आहे. काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकाचा पूर्वार्ध. दान दिलेल्या गावाचे नाव कोथुरक. त्या काळी गटक्रमांक नव्हते, मोजणीचे नकाशे नव्हते. म्हणून दानपत्रात गावाच्या चतुःसीमा सांगितल्या आहेत. उमा नदीच्या पश्चिमेस, चिंचापल्लीच्या उत्तरेस, बोंथिकवाटकाच्या पूर्वेस आणि मंडुकिग्रामाच्या दक्षिणेस असलेले ते कोथुरक.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ही चारही नावे आजच्या भूमीवर शोधून काढली. मंडुकिग्राम म्हणजे मांडगाव. उमा म्हणजे मांडगावाजवळून वाहणारी वणा नदी. चिंचापल्ली म्हणजे चिंचोली आणि बोंथिकवाटक म्हणजे बोथड. सुमारे सोळाशे वर्षे लोटली. वाकाटक गेले, राष्ट्रकूट, यादव, मोगल, भोसले आणि इंग्रज आले आणि गेले. परंतु चार शेजाऱ्यांची नावे लोकांच्या तोंडी जवळजवळ तशीच राहिली. त्यांच्या मध्ये असलेले कोथुरक मात्र नावानिशी सापडत नाही.

मिराशींच्या विद्वत्तेविषयी सर्वांनाच आदर आहे. १९६३ साली त्यांनी संपादित केलेला वाकाटकांच्या कोरीव लेखांचा खंड आजही प्रमाण मानला जातो. तरीही या शोधात त्यांचा सर्वांत मोठा साक्षीदार कोण होता? मांडगावचा शेतकरी, चिंचोलीचा गुराखी आणि वणेच्या काठी धुणे धुणारी स्त्री. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नाव उच्चारले म्हणून ते नकाशात उतरले आणि नकाशात उतरले म्हणून पंडिताला ते ताम्रपटाशी ताडून पाहता आले. इतिहास नागपूर-पुण्याच्या ग्रंथालयांत असतो आणि गावात केवळ गप्पा असतात, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. जांबच्या ताम्रपटाने तो केव्हाच खोटा ठरवला आहे.

याच परिसराशी निगडित दुसरी एक कथा अधिक बोचरी आहे. प्रवरसेनाची माता प्रभावतीगुप्ता ही गुप्तसम्राट द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या. पुत्र अज्ञान असताना तिने वाकाटकांचे राज्य सांभाळले. तिच्या एका ताम्रपटात सुप्रतिष्ठ नावाच्या विभागातील दंगुण हे गाव दान दिल्याचा उल्लेख आहे. मिराशींच्या मते दंगुण म्हणजे हिंगणघाट. हा ताम्रपट इतिहासात ‘पुणे ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो आणि तो पुढे आला अहमदनगरच्या एका तांबटाच्या घरातून. वऱ्हाडाच्या सीमेवरील एका गावाचा जन्मदाखला शेकडो कोस दूर, तांब्याची भांडी घडवणाऱ्याकडे! तो वितळला नाही हे आपले भाग्य. न वाचलेले किती वितळले असतील, याचा हिशेब कोणी मांडायचा?

गावोगावी इतिहास मंडळे का हवीत, याचे उत्तर या दोन ताम्रपटांत आहे. ज्या गावाने आपली नावे जपली, त्याचा इतिहास पंडिताला सापडला. ज्या गावाला आपल्या वस्तूची किंमत कळली नाही, त्याचा इतिहास परगावच्या नावाने ओळखला गेला.

अशा मंडळाने प्रथम काय करावे? उत्साही तरुण साधारणतः पुतळा, कमान किंवा स्मरणिका यांपासून आरंभ करतात. आरंभ वहीपासून व्हावा. गावच्या शिवारातील प्रत्येक शेताला, नाल्याला, टेकाडाला आणि पाणवठ्याला नाव असते. सातबाऱ्यावर त्याचा गटक्रमांक असतो, नाव पुष्कळदा नसते. नाव म्हाताऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असते आणि त्याच्या मुलाला अर्धेच ठाऊक असते. शेत विकले गेले, भूखंड पडले की नाव संपते. एका उन्हाळ्यात चार तरुणांनी दोन वृद्धांना बरोबर घेऊन शिवार फिरावे आणि गटक्रमांकापुढे ही नावे लिहावीत. यास एक वही आणि पायातल्या वहाणा एवढेच भांडवल लागते.

विदर्भाच्या महसुली यादीत काही मौजांपुढे ‘रिठ’ असा शब्द असतो. रिठ म्हणजे उठलेले, उजाड झालेले गाव. जमीन आहे, सीमा आहे, नाव आहे, माणसे नाहीत. ही रिठे केव्हा उठली? दुष्काळाने, रोगाने की लुटालुटीने? शेजारच्या गावात काही तरी सांगितले जातेच. एखादे घराणे आपले मूळ तेथले सांगते, एखादा देव तेथून उचलून आणलेला असतो. आपल्या डोळ्यांदेखत निम्न वर्धा प्रकल्पाने आर्वी तालुक्यातील गावे उठली. त्यांतील घरांचे, पारांचे, मारुतीच्या देवळांचे आणि स्मशानांचे टिपण आज झाले नाही, तर आणखी पन्नास वर्षांनी तीही केवळ यादीतली रिठे होतील. कोथुरकाचे असेच काही झाले असावे.

कागदपत्रांच्या बाबतीत वर्धा जिल्हा पश्चिम महाराष्ट्रापेक्षा वेगळा आहे, हे ध्यानात घ्यावे लागते. १८६२ साली हा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला. पहिले ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवण्यात आले. आज वर्धेकरांपैकी कितीजणांना पालकवाडी हे नाव माहीत असेल! येथे मालगुजारी होती. बंदोबस्ताच्या मिसली तयार झाल्या आणि गावच्या रूढी, पाणी, चराई, सरपण यांविषयीचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये नोंदवले गेले. १९५१ साली मालगुजारी संपली. सरकारी प्रत कचेरीत राहिली. मालगुजारांच्या वाड्यांतली खाती, पत्रे आणि वसुलीच्या वह्या मात्र वाटण्यांत विखुरल्या. कित्येक वाडे पडले आणि दफ्तरे रद्दीत गेली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून जुनी दफ्तरे वाचवा म्हणून आक्रोश चालू आहे. ज्यांच्या माळ्यावर अशी गाठोडी असतील, त्यांनी ती द्यावीत असे नाही. ती कोणाला वाचू द्यावीत, एवढेच मागणे आहे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले, तेव्हा त्याच्या सभांत एकेक कागद वाचला जाई आणि वाचणारे बहुतेक शिक्षक, वकील असे संसारी गृहस्थ होते. त्या छोट्या टिपणांतूनच पुढे मोठे ग्रंथ उभे राहिले.

कागदाच्या आधीचा इतिहास मातीत आहे. जुन्या गावठाणाच्या उंच टेकाडाला आपल्याकडे ‘पांढरी’ म्हणतात. घरांच्या भिंती शतकानुशतके पडत आणि उभ्या राहत गेल्या, चुलींची राख साठत गेली, त्यातून ही पांढरी माती झाली. ती शेताला खत म्हणून आणि घराला लिंपायला उपयोगी, म्हणून गाड्या भरभरून नेली जाते. तीत खापरे, मणी, नाणी, विटांचे तुकडे असतात. आर्वी तालुक्यातील खैरवाडा येथे मोठाल्या दगडांची वर्तुळे आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात, लोहयुगातील लोकांनी मृतांच्या स्मरणार्थ रचलेली ही शिळावर्तुळे विदर्भात ठिकठिकाणी आढळतात. शेत सपाट करताना किंवा रस्त्याला गिट्टी हवी असताना ती पहिल्यांदा बळी पडतात, कारण त्यांवर मूर्ती नसते, अक्षर नसते. मूर्तीला निदान शेंदूर तरी लागतो. शेंदराने शिल्पाचे तपशील बुजतात हे खरे, परंतु त्याच शेंदराने ती शिल्पे चोरापासून वाचवली, हेही तितकेच खरे. श्रद्धेला हिणवून इतिहास वाचत नाही.

येथे एक पथ्य कडकपणे पाळले पाहिजे. मंडळाने कुदळ हाती घेऊ नये. उत्खनन हे शास्त्र आहे. कोणती वस्तू कोणत्या थरात होती हे एकदा विस्कटले की पुन्हा जुळत नाही. जमिनीत सापडलेल्या निधीविषयी १८७८ चा निखात निधी कायदा आहे आणि जुन्या मूर्तींविषयी १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. सापडलेली वस्तू लपवणे हा गुन्हा आहे, हे गावात सांगण्याचे अप्रिय काम मंडळालाच करावे लागेल. पंचांसमक्ष नोंद करावी, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि तहसील कचेरीला कळवावे. इतके केले तरी पुष्कळ झाले.

या सर्व प्रश्नांचे एकत्र दर्शन घडते ते पवनारला. धाम नदीच्या काठचे हे गाव. १९३८ साली विनोबाजी प्रकृतीसाठी येथे आले. नदी ओलांडून, म्हणजे धामेच्या पलीकडे राहायचे, म्हणून त्या स्थानाचे नाव झाले परंधाम. विनोबाजींनी हाती कुदळ घेऊन शेत खणायला आरंभ केला आणि मातीतून मूर्ती निघू लागल्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देताना त्यांनी बाराव्या अध्यायात राम-भरतभेटीच्या चित्राची कल्पना मांडली होती. पवनारच्या मातीतून निघालेल्या एका शिल्पात त्यांना तीच भरत-राम भेट दिसली. ते शिल्प त्यांनी आश्रमात प्रतिष्ठित केले. आजही ब्रह्मविद्या मंदिरात जाणाऱ्याला ते पाहावयास मिळते.

विनोबाजींची दृष्टी भक्ताची होती. मिराशींची दृष्टी संशोधकाची. त्यांनी या शिल्पपटांत रामायणातील प्रसंग ओळखले आणि ताम्रपटांतील उल्लेखांच्या आधारे असा निष्कर्ष काढला की, प्रवरसेनाने नंदिवर्धन सोडून जे प्रवरपूर वसवले, ते हेच पवनार. येथे त्याचे राममंदिर असावे. प्राकृतातील ‘सेतुबंध’ हे रामकथेवरील महाकाव्य ज्याच्या नावावर आहे, तो हाच प्रवरसेन. ‘वाकाटकांची राजधानी’ ही ओळख पवनारला मिळाली, शाळेच्या पाठ्यक्रमात गेली, गावाच्या अभिमानाचा विषय झाली.

पुढे १९६७ साली नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारला उत्खनन केले. वस्ती सातवाहनांपूर्वीपासून मध्ययुगापर्यंत चालत आल्याचे दिसले. परंतु राजधानीचा प्रश्न निर्णायकपणे सुटला नाही. त्यानंतर रामटेकजवळ मनसर येथे १९९८ पासून जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी उत्खनन केले. तेथे भव्य वास्तू उघडी पडली आणि ‘प्रवरेश्वरस्य’ अशी अक्षरे असलेल्या मुद्राही मिळाल्या. तेव्हापासून अनेक विद्वान प्रवरपूर मनसरलाच शोधतात. पवनारच्या शिल्पांतील सर्व प्रसंग रामकथेचेच आहेत काय, याविषयीही मतभेद आहेत.

पवनारच्या इतिहास मंडळाने आता काय करावे? मनसरची वार्ता दडपून जुनाच फलक रंगवावा, की फलकच उखडून टाकावा? दोन्ही मार्ग आळशी माणसाचे आहेत. मिराशींचा पक्ष, मनसरचा पुरावा आणि अद्याप न सुटलेले प्रश्न हे तिन्ही एकाच फलकावर, गावकऱ्याला समजेल अशा मराठीत लिहिणे हे खरे काम. मिराशी स्वतः नवा ताम्रपट मिळाला की आपले जुने मत तपासून पाहणारे संशोधक होते. त्यांचे नाव घेऊन पुराव्याकडे पाठ फिरवणे, हा त्यांचा सन्मान नव्हे. शिवाय राजधानी नसली म्हणून पवनार लहान होत नाही. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार पवनारच्या नावाने होते, ‘आइन-इ-अकबरी’त त्याची नोंद आहे. दोन सहस्र वर्षे माणूस जेथे नांदत आला, त्या गावाला एका राजाच्या सिंहासनावाचून कमीपणा येण्याचे कारण नाही. ज्या समाजाला आपल्या पूर्वजांचा खरोखर अभिमान आहे, त्याला त्यांच्याविषयी खोटे बोलावे लागत नाही.

केळझरचे उदाहरण थोडे निराळे. हीच महाभारतातील एकचक्रा नगरी, येथेच भीमाने बकासुराला मारले, अशी तेथील श्रद्धा आहे. खानदेशात एरंडोलही स्वतःला एकचक्राच म्हणवते. या दोन गावांत निवाडा करण्याचे मंडळाला प्रयोजन नाही. आख्यायिका ही आख्यायिका म्हणूनच, कोणी सांगितली, केव्हा सांगितली, कोणते स्थळ दाखवले यांसह लिहावी. मराठीला ही रीत नवी नाही. चौदाव्या शतकातील महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरस्वामींचे वास्तव्य ज्या ज्या ठिकाणी झाले, त्या त्या देवळाचे दार कोणत्या दिशेला, ओटा कोठे, झाड कोठे, असे बारीक वर्णन आहे. श्रद्धेने केलेले काम होते ते, परंतु मोजमापात कसूर नव्हती. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली ही पोथी प्रत्येक गावच्या मंडळाने एकदा डोळ्यांखालून घालावी.

आणि मग आष्टी. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. ‘चले जाव’च्या आंदोलनात आष्टीच्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, माणसे हुतात्मा झाली, संतप्त जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. या गावाच्या नावाला तेव्हापासून ‘शहीद’ हे पद जोडले गेले आहे. त्या दिवशी जो पंधरा वर्षांचा होता, तो आज शंभरीच्या घरात असेल, असलाच तर. प्रत्यक्ष साक्षीची वेळ संपत आली आहे. परंतु त्याच्या मुलांनी, सुनांनी, शेजाऱ्यांनी जे ऐकले, ते अजून नोंदवता येते. नंतरच्या धरपकडीत घरातल्या बायकांनी काय सोसले, शेती कोणी केली, खटल्यासाठी पैसा कोठून आला? हुतात्म्यांच्या यादीत या प्रश्नांची उत्तरे नसतात. मारल्या गेलेल्या पोलिसांची नावेही त्या वहीत लिहावीत. तेही याच देशाचे पुत्र होते आणि परक्यांच्या चाकरीने त्यांना कोठे आणून उभे केले, हे पुढच्या पिढीला त्यावाचून समजणार नाही. आष्टीतच मोगलकालीन नियाझी घराण्याच्या कबरीही आहेत. गावाच्या वहीत त्यांचेही पान हवेच.

हिंगणघाटला असेच एक विसरलेले पान आहे. दक्षिणेपासून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीला १८०२ साली आरंभ करणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ च्या जानेवारीत नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला मरण पावला आणि तेथेच पुरला गेला. त्याचा उत्तराधिकारी एव्हरेस्ट. त्याचे नाव शिखरामुळे जगाला ठाऊक. ज्याने मोजणीचा पाया घातला त्याची कबर हिंगणघाटात आहे, हे तेथल्या किती शाळांत सांगितले जाते? इंग्रजांनी ही मोजणी आपल्या राज्यासाठी केली, यात शंका नाही. पण त्या मोजणीतून झालेल्या नकाशांवरूनच मिराशींना मांडगाव आणि चिंचोली शोधता आली, हेही सांगितले पाहिजे.

आता वस्तूंच्या जतनाविषयी थोडे. प्रत्येक गावाला संग्रहालय परवडत नाही आणि ते उघडण्याची घाईही करू नये. कुलूपबंद खोलीत मूर्ती ठेवून किल्ली हरवल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३८ साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले गेले. तेथे राजांची शस्त्रे नव्हती. चरखे, घाण्या, हातकागद अशी खेड्याची साधने होती. तिफण, वखर, मोट, पायली, कुडव हे शब्द वापरणारी पिढी संपत आहे. या वस्तू ज्याच्या घरी आहेत तेथेच राहू द्याव्यात, मात्र त्यांचे छायाचित्र, भागांची स्थानिक नावे आणि घडवणाऱ्या सुताराचे, लोहाराचे नाव वहीत यावे.

या वहीच्या प्रती किती असाव्यात, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण बहुतेक मंडळे येथेच बुडतात. उत्साही कार्यदर्शी बदलून जातो किंवा निवर्ततो आणि वही त्याच्या घरच्या कपाटात राहते. म्हणून प्रती तीन कराव्यात. एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक गावाबाहेर, नागपूरच्या एखाद्या संशोधन संस्थेकडे किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात. भ्रमणध्वनीवर घेतलेल्या ध्वनिफितींवर बोलणाऱ्याचे नाव, वय, गाव आणि तारीख आरंभीच उच्चारून घ्यावी, नाहीतर दहा वर्षांनी तो आवाज कोणाचा हे घरच्यांनाही सांगता येत नाही. आणि दरवर्षी दिवाळीच्या सुटीत, बाहेरगावी गेलेली मुले घरी आली की, ती वही चावडीवर मोठ्याने वाचावी. चुकीचे काही असेल तर कोणी ना कोणी म्हातारा उठून सांगतोच. त्याचे म्हणणे, त्याच्या नावासह, समासात लिहून ठेवावे.